पुढे जाऊन पाहून येणारा

रविवारी सकाळी शिरवळला महामार्गावर पुण्याकडच्या गाड्यांची रीघ लागते. नीरेचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा सुरू. कुणी मांढरदेवीला निघालेलं असतं, कुणी वाईला, कुणी रायरेश्वराच्या पठारावर. चहाला थांबलेल्या पोरांच्या तोंडी हमखास एक शब्द ऐकू येतो: 'एक्सप्लोर करायला चाललोय.' जावं, जरूर जावं. फक्त फोनवर वाट आखलेली, जेवणाचं हॉटेल ठरलेलं आणि फोटो कुठं काढायचा तेही आधीच पाहिलेलं, अशा फिरण्याला आपल्याकडे सहल म्हणतात.

याच शिरवळला नीरेच्या काठी सुभानमंगळ नावाचा भुईकोट होता. आता पडक्या बुरुजावरून अंदाज बांधावा लागतो. 1648 साली विजापूरहून फत्तेखान चालून आला, बेलसरला त्याचा तळ पडला आणि त्याच्या सरदाराने, बाळाजी हैबतरावाने, सुभानमंगळ घेतला. शिवाजी महाराज पुरंदरावर होते. त्यांनी कावजी मल्हाराला माणसं देऊन पाठवलं आणि कोट परत मिळवला. हैबतराव त्या झुंजीत पडला. स्वराज्याच्या अगदी पहिल्या लढायांपैकी ही एक. 'शिवभारत' या काव्यात झुंजणाऱ्यांचं वर्णन आहे आणि ते असायलाच हवं. माझं मन मात्र जरा मागे रेंगाळतं. कोटात माणूस किती, तट कुठे कच्चा, बेलसरहून मदत यायला किती वेळ लागेल, हे कळल्याखेरीज कुठलाही शहाणा सेनापती माणसं पाठवत नाही. असली माहिती चालत येते, कुणाच्या तरी पायांनी.

नव्या मुलखाच्या शोधात निघणारा आणि फौजेच्या पुढे जाऊन टेहळणी करणारा, दोघंही अनोळखी वाटेनं जातात, दोघंही जिवावर उदार असतात, म्हणून आपण त्यांना एकाच माळेत ओवतो. पहिल्याला जग एक्सप्लोरर म्हणतं, दुसऱ्याला स्काउट. दुसऱ्यासाठी आपल्याकडे नजरबाज, हेर, टेहळ्या अशी नावं होतीच. फरक खरा दिसतो तो परतल्यावर. मुलूख शोधायला गेलेल्याला काहीतरी सापडावंच लागतं. त्याच्यावर कुणी पैसा लावलेला असतो, त्यानं स्वतः अब्रू लावलेली असते. नजरबाजाचं तसं नाही. 'तिकडे काही नाही', 'ती वाट बंद आहे', 'येऊ नका' असं सांगत तो आला, तरी त्याचं काम पुरं झालं.

कोलंबसाचंच पाहा. 1494 च्या जूनमध्ये तो क्युबाच्या किनाऱ्यानं जात होता. ते बेट आहे की आशियाची मुख्य भूमी, हे ठरलं नव्हतं. पण त्याला आशियाच हवा होता. मग त्यानं काय केलं? नोटरीला बोलावून जहाजांवरच्या माणसांकडून शपथेवर वदवून घेतलं की ही मुख्य भूमीच आहे. पुढे कुणी शब्द फिरवला तर दंड भरायचा, वर जीभ छाटली जायची. पाहणीचा निकाल असा कागदावर सही घेऊन ठरवलेला दुसरा दाखला मला तरी ठाऊक नाही. 1506 मध्ये तो वारला, तेव्हाही आपण आशियालाच पोहोचलो होतो ही त्याची समजूत कायम होती. त्याच्या धाडसाला बोट लावायची माझी टाप नाही. पण असा माणूस कुणाच्या फौजेचा नजरबाज असता, तर ती फौज पहिल्याच खिंडीत कापली गेली असती.

आपल्या घराघरांत हा नजरबाज असतोच. मुलीचं स्थळ बघायला आधी एकटाच जाऊन येणारा मामा आठवा. पोहे खाऊन, गोठ्यात डोकावून, पारावर दोन म्हाताऱ्यांशी तंबाखू मळत बसून तो परत येतो आणि चपला काढता काढता सांगतो, 'माणसं बरी हायती ताई, पर हिरीवर भावकीचा दावा चाललाय. नगं.' घर हिरमुसतं. मामाला त्याचं काही वाटत नाही. होकार आणणं हे त्याचं काम नव्हतंच मुळी. आणि नुसता होकारच आणणारा मामा असेल तर त्याला पुढच्या खेपेला कोण पाठवील?

शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक यांच्याविषयी बखरीत जे थोडंथोडकं आहे त्यात सुरतेचा भाग सगळ्यांना पाठ असतो. तिथं अमाप द्रव्य आहे ही खबर त्यांची, आणि 1664 च्या जानेवारीत सुरत लुटली गेली. मला जास्त मोलाची वाटते ती 1679 च्या अखेरची गोष्ट. जालना मारून महाराज परतत होते. लुटीच्या ओझ्यानं फौजेची चाल मंदावलेली, मोगल पाठीवर, वाटेतल्या झुंजीत सिधोजी निंबाळकर पडले. बखरकार सभासद सांगतो की तेव्हा बहिर्जींनी पुढे होऊन फौज आडवाटेनं, रात्रंदिवस चालवत, पट्टा किल्ल्याला सुखरूप नेली. अकोले तालुक्याच्या बाजूचा हा किल्ला. महाराजांनी तिथं विसावा घेतला म्हणून त्याचं नाव विश्रामगड पडलं.

त्या खेपेला बहिर्जींनी शोधलं ते काय? ना खजिना, ना नवा मुलूख. जिच्यावर कुणी भेटणार नाही अशी एक वाट. आणि अशी वाट ऐन वेळी सुचत नाही. त्याआधी कधीतरी तिथून कुणी चालत गेलेलं असतं, पाणी कुठं आहे, घोडं कुठं अडतं ते मनात टिपून ठेवलेलं असतं, आणि ज्या वाटा कामाच्या नाहीत त्याही तुडवलेल्या असतात.

क्वचित एकाच माणसात दोघं नांदतात. कुमाऊँचा नैनसिंह रावत हा मुळात शाळामास्तर. इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्यानं त्याला यात्रेकरूच्या वेषात तिबेटात धाडलं आणि 1866 मध्ये तो ल्हासाला पोहोचला. हातातल्या जपमाळेत 108 ऐवजी 100 मणी होते. शंभर पावलं झाली की एक मणी ओढायचा. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी नोंदींचे कागद. लोकांना वाटे, काय भाविक माणूस आहे! जग ज्याला अज्ञात म्हणत होतं त्या मुलखाचं मोजमाप त्यानं पायांनी केलं, पण निघाला तो दुसऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर आणायला, आणि परत येऊन ते उत्तर आकड्यांत मांडलं. 1877 मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं त्याला सुवर्णपदक दिलं. सुरुवातीच्या छापील अहवालांत मात्र तो नुसता 'पंडित' होता. नाव फुटलं असतं तर पुढच्या खेपेला तिबेटच्या नाक्यावरच धरला गेला असता.

सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या बाणूरगडावर बहिर्जी नाईकांची समाधी दाखवतात. त्यांचा जन्म, घरदार, शेवट, सगळंच धूसर. इतिहासानं अन्याय केला म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात. मला ती हळहळ फारशी पटत नाही. ज्याचं चरित्र त्याच्या हयातीत कुणी लिहू शकलं असतं, त्याला जालन्याहून निघताना फौजेच्या पुढे कुणी घातलं नसतं.