थोडेसे पाणी लागले होते

तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमधून रविवारची मिस्सा आटोपून आम्ही नौपाड्यातील घरी परतलो, तो आमचा भाचा दारातच उभा. सहा वर्षे आखातात राबून नुकताच परतलेला, वय तिशीच्या आसपास. चहाचा पेला हाती येण्यापूर्वीच त्याने मोबाइलवरची छायाचित्रे आमच्यापुढे धरली. लाल रंगाची, जमिनीला चिकटून बसलेली, इटालियन बनावटीची एक स्पोर्ट्स कार. नव्या गाडीच्या किमतीच्या जेमतेम पाचव्या हिश्श्यात मिळत होती. एवढी स्वस्त का, असे विचारताच तो किंचित अडखळला. "मामा, पावसात थोडेसे पाणी लागले होते, असे विकणारा म्हणतो. बाकी सगळे ठीक आहे."

त्याच्या जवळची रक्कम घराच्या आगाऊ भरण्यासाठी साठवलेली होती, हे आम्हांस ठाऊक होते. त्याच्या आईलाही ठाऊक होते. म्हणूनच तो आधी मामाकडे आला होता.

प्रथम आमच्या ओठांवर थट्टाच आली. गोखले रोडच्या गल्लीबोळांत दुचाकी लावायला जागा मिळत नाही, तिथे हे धूड ठेवणार कुठे? गतिरोधकावरून ते पलीकडे जाणार कसे? परंतु थट्टा आम्ही गिळली. सुंदर वस्तूची ओढ हे काही पाप नव्हे. सचिन तेंडुलकरला भेट मिळालेल्या फेरारीवरून २००३ साली सीमाशुल्काच्या माफीचा केवढा वाद झाला! त्या वेळी ज्यांनी आयुष्यात कधी स्कूटरही घेतली नव्हती, अशी माणसेही त्या गाडीविषयी घरच्या लेकीबद्दल बोलावे तशी बोलत होती. पुढे २०११ मध्ये ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली, तेव्हा पुष्कळांना हळहळ वाटली. भाच्याच्या बालपणाची ती वर्षे. त्याच्या डोळ्यांतली चमक कुठून आली, हे आम्हांस कळत होते.

तरीही 'थोडेसे पाणी' हे शब्द आमच्या मनातून जाईनात.

मोटारीत पाणी शिरते म्हणजे काय होते, हे समजून घेण्यासाठी आम्ही एका परिचित मेकॅनिकला गाठले. त्याने सांगितले ते असे. अशा गाड्या बुटक्या असल्याने गुडघाभर पाणीसुद्धा त्यांना पुरेसे होते. इंजिन हवा ओढते त्या वाटेने पाणी आत गेले आणि त्याच स्थितीत कोणी गाडी सुरू केली, तर आतले दांडे वाकतात. कारण हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. हे नुकसान निदान लगेच उघडे पडते. खरा दगा विजेचा. गाडीभर पसरलेल्या तारांच्या जोडांत आणि लहान लहान नियंत्रक पेट्यांत ओल राहते, हिरवा गंज धरतो आणि सहा महिन्यांनी, वर्षाने एकेक गोष्ट रुसू लागते. आज काच खाली जात नाही, उद्या दिवे विझतात, परवा अपघाताच्या क्षणी एअरबॅग उघडत नाही. "सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा," तो म्हणाला, "गाडी धुणारे सगळे धुतात, पण गुंडाळलेल्या पट्ट्यातली चिखलाची रेघ विसरतात."

व्यवहाराच्या दृष्टीने येथेच निर्णय व्हायला हवा होता. बुरूज बांधण्यापूर्वी खाली बसून खर्चाचा हिशोब करणाऱ्या मनुष्याचा प्रभूने दिलेला दाखला लूकच्या शुभवर्तमानात आहे. त्या हिशोबात ही गाडी बसत नव्हती. परंतु भाचा हुशार. त्याच्यापाशी उत्तर तयार होते. "मामा, मी ती कायम ठेवणार नाही. दुरुस्त करीन, दोन वर्षे मिरवीन आणि विकून टाकीन. पैसे सुटतील."

हे ऐकले आणि मूळ प्रश्नच बदलला. गाडी घ्यावी की नाही, एवढ्यापुरता तो राहिला नाही.

विमा कंपन्यांचा एक रिवाज आहे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा उतरवलेल्या मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर ती गाडी पूर्ण गेली असे मानायचे, मालकाला पैसे द्यायचे आणि सांगाडा विकून टाकायचा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५५ मात्र निराळी भाषा बोलते. वाहन नष्ट झाले किंवा कायमचे निकामी झाले, तर मालकाने चौदा दिवसांत तसे कळवायचे, म्हणजे नोंदणी रद्द होते. आता दुरुस्तीला न परवडणारी गाडी 'कायमची निकामी' असतेच असे नाही. विम्याच्या वहीत ती मेलेली आणि परिवहन कार्यालयाच्या वहीत जिवंत, अशा दोन वह्यांच्या फटीत हा सारा बाजार उभा आहे. अमेरिकेतील राज्यांत अशा गाडीच्या मालकीपत्रावर तसा शिक्का बसतो. आपल्या नोंदणीपुस्तिकेत मालक कितवा, रंग कोणता, इंजिनाचा क्रमांक काय, हे सारे असते. ही गाडी कधी बुडाली होती काय, याला रकाना नाही. तो रकाना विकणाऱ्याच्या जिभेवर असतो.

आणि जिभेने काय करावे, याविषयी आपला कायदा मोठा मनोरंजक आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ खाली एका घोड्याची उदाहरणे दिली आहेत. एक मनुष्य आपला घोडा लिलावात विकतो. घोड्यात खोट आहे हे त्याला माहीत आहे, पण तो गप्प राहतो. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. मात्र घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे खोट सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. तिसऱ्या उदाहरणात घेणारा म्हणतो, "तुम्ही नाकारले नाही, तर घोडा धडधाकट आहे असे मी समजेन." यावर विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच धरले जाते.

योगायोग असा की संत थॉमस अक्वायनस यांनीही तेराव्या शतकात 'सुम्मा थिऑलॉजिया'च्या दुसऱ्या भागात खरेदी-विक्रीतील लबाडीचा विचार करताना घोडाच घेतला आहे. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, म्हणजे खोट उघड दिसत असेल आणि किंमत त्या मानाने उतरवलेली असेल, तर ती बोलून दाखवण्याची सक्ती नाही. परंतु खोट झाकलेली असेल आणि तिच्यामुळे घेणाऱ्याला तोटा किंवा धोका होणार असेल, तर ती सांगितलीच पाहिजे. यावर आक्षेप येतो की खोट जाहीर केली, तर गिऱ्हाईकच येणार नाही. संत थॉमस यांचे उत्तर व्यवहारी आहे. गावात दवंडी पिटण्याची गरज नाही. जो दाराशी घ्यायला येईल, त्याला मात्र सांगा.

कायदा मुलगी आणि परका यांत भेद करतो. कायद्याने तो करावाही. न्यायालयाला कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण दयाळू शोमरोनीचा दाखला दर वर्षी ऐकणाऱ्या माणसाने ती रेघ कुठे ओढावी? भाच्याची गाडी दोन वर्षांनी जो घेईल, तो कोणाचा तरी मुलगा असेल. ती गोखले रोडवर ज्याच्यासमोर येईल, त्याने तर ती विकतही घेतलेली नसेल.

एवढे लिहून आम्ही थांबलो असतो, तर ते सोयीचे झाले असते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी आमची लहानशी मोटार कल्याणला एका नातलगाच्या इमारतीखाली उभी होती. दोन दिवस ती आसनांपर्यंत पाण्यात राहिली. गॅरेजवाल्याने ती सुकवली, गालिचे बदलले, अत्तराची बाटली लावली आणि डिसेंबरात आम्ही ती डोंबिवलीच्या एका गृहस्थांना विकली. सोबत त्यांची पत्नी होती आणि कडेवर मूल. "गाडी कशी आहे?" असे त्यांनी विचारले. "एकहाती वापरलेली आहे," आम्ही म्हणालो. ते शंभर टक्के खरे होते. पाण्याचा विषय त्यांनी काढला नाही, म्हणून आम्हीही काढला नाही. किंमत मात्र कोरड्या गाडीची घेतली.

त्यानंतर किती वेळा आम्ही पापनिवेदनाला गुडघे टेकले! रागाचे सांगितले, आळसाचे सांगितले. ही गोष्ट सांगावी असे कधी सुचलेच नाही, कारण ती आमच्या लेखी व्यवहाराच्या कप्प्यात होती. भाच्याच्या तोंडून 'विकून टाकीन' हे शब्द आले, तेव्हा प्रथम ती बाहेर पडली. ती आम्ही त्याला तशीच सांगितली. त्याने बराच वेळ मोबाइल उलटसुलट केला आणि विचारले, "पुढे काय झाले त्या गाडीचे?"

आम्हांस ठाऊक नव्हते.

"म्हणजे मी विकताना हे सगळे सांगायचे," तो म्हणाला. "आणि सांगितले तर मला कोण एवढे पैसे देणार?"

"तुला जो भाव तेव्हा मिळेल, तोच या गाडीचा आजचा भाव," आम्ही म्हणालो. "तेवढा देऊन घेणार असशील, तर आम्ही तुला अडवणार नाही."

त्याने आकडे मांडून पाहिले. मग, करार अधिनियमातला घोडा त्याला फार आवडला होता म्हणून असेल, त्याने आमच्यासमोरच विकणाऱ्याला फोन लावला आणि सांगितले की पाणी चाकांच्या वर गेले नव्हते, असे तुम्ही नाकारले नाही तर मी समजेन. पलीकडून थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग विकणारा म्हणाला की रेंज नीट नाही, संध्याकाळी बोलू.

भाचा गेल्यावर आम्ही कपाटातली जुनी फाइल काढली. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ ची पिवळी पडलेली प्रत अजून तीत आहे. तिच्यावर डोंबिवलीचा पत्ता आहे. नौपाड्याहून ठाणे स्थानक चालत दहा मिनिटांवर, आणि पुढे लोकलने अर्ध्या तासाच्या आत डोंबिवली.