मातीचा देव आणि मातीचे ताट

बीड तालुक्यातल्या लिंबागणेशच्या नावातच देव आहे. बालाघाटाच्या या कोरड्या मुलखात गणपतीचे हे जुने ठाणे, आणि भाद्रपदातला गणपती हा मुळात मातीचा देव. शुद्ध चतुर्थीला होते ती पार्थिव गणेशाची पूजा. पार्थिव म्हणजेच मातीचा. आदल्या दिवशी कुंभाराच्या ओट्यावर असलेल्या मातीत मंत्रांनी प्राण आणले की तिच्यासमोर घरातला थोरला माणूसही वाकतो. नवरात्रात घट बसतात ते मातीचे. पोळ्याला घरात पुजतो ते बैल मातीचे. संक्रांतीला बाया सुगडे आणतात, त्यांच्या अंगावर हळदी-कुंकवाची बोटे ओढतात, आत ऊस, बोरे, हरभरा, गव्हाच्या ओंब्या भरतात. ही बोटे म्हणजे आपल्या घरातली सगळ्यात साधी चित्रकला. पण एवढा मान मिळालेली माती जेवणाच्या पंगतीत मात्र दिसत नाही. पाणी रांजणात राहते, दही गाडग्यात लागते. घास ज्यातून उचलायचा ते ताट मात्र मातीचे चालत नाही. जी माती देव होऊ शकते ती ताट का होऊ शकत नाही? प्रश्न स्वयंपाकघरातला वाटला, तरी तो धर्माच्या गाभ्याशी जाऊन भिडतो.

परंपरेचे उत्तर ठरलेले आहे, आणि ते अडाणीपणाचे नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचा विचार येतो. धातूची भांडी राख, माती, पाणी यांनी शुद्ध होतात. शंख आणि दगडाच्या वस्तू नुसत्या पाण्याने. मातीचे भांडे मात्र पुन्हा भाजल्याशिवाय शुद्ध होत नाही. या वर्गवारीला पदार्थाच्या स्वभावाचा आधार आहे. साधे भाजलेले मडके सच्छिद्र असते. त्याच्या पोटात पाणी झिरपते म्हणून ते गार राहते, आणि त्याच कारणाने त्यात तेल, तिखट, उष्टे मुरते. नुसत्या धुण्याने ते निघत नाही. तेव्हा नियमाचे कारण आहे शोषून घेणे. माती असणे हे कारण नव्हे. हे मान्य केले की पुढची पायरी आपोआप येते. ज्या मातीवर काचेसारखी झिलई चढली आहे आणि जी तेराशे अंशांच्या आसपास भाजली आहे, तिच्यात काहीच मुरत नाही. शास्त्राचाच तर्क धरला तर असे ताट मडक्याच्या रांगेत बसत नाही. ते शंखाच्या आणि दगडाच्या रांगेत बसते, पाण्याने शुद्ध होणारे. आणि सोवळ्यातल्या घरांनी हे कृतीने कबूलही केले आहे. पितळेला आंबट चालत नाही म्हणून लोणचे चिनी मातीच्या बरणीत मुरत आले. वर्षभर पुरवून खायचे लोणचे ज्या मातीत ठेवले, तिच्याच ताटाला अशुद्ध म्हणायला शास्त्राचा आधार उरत नाही.

तरीही चिनी मातीची भांडी अनेक घरांत वर्षानुवर्षे परकी राहिली, कारण शुद्धीच्या नियमात पदार्थाच्या आडून माणूस मोजला जात होता. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक, रानडे, गोखले यांच्यासारख्या मंडळींपुढे चहा आला, आणि त्यावरून उठलेले ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतले. खटका चहाचा नव्हता, तो कोणाच्या हातून आला याचा होता. गावोगावच्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळी, कान तुटलेली कपबशी बाहेर ठेवलेली असे. प्यायची आणि स्वतः विसळून परत तिथेच ठेवायची. आतल्या कपाची आणि बाहेरच्या कपाची माती एकच, भट्टी एकच. फरक होता तो फक्त ओठांचा. म्हणून ताटाच्या पावित्र्याबद्दल बोलणाऱ्याने आधी हे ठरवले पाहिजे की त्याला भांड्याची शुद्धी हवी आहे की माणसांची वर्गवारी. दुसरी हवी असेल तर सोन्याचे ताटही अपवित्रच आहे.

पावित्र्य पदार्थात नाही आणि जातीतही नाही, तर ते असते कशात? इथे जपानकडे पाहणे उपयोगी पडते, कारण तिथे मातीने उलटा प्रवास केला. आपल्याकडे रेघा ओढलेले मातीचे भांडे सणाला येते आणि सण सरला की अडगळीत जाते. तिथे ते रोजच्या भाताला आले. क्यूशू बेटावरच्या आरिता गावात सतराव्या शतकाच्या आरंभी कोरियन कुंभारांच्या हातून पांढऱ्या चिनी मातीची भांडी घडू लागली. त्यांवरचे निळे चित्र कसे काढतात ते पाहण्यासारखे आहे. वाटी एकदा हलकी भाजून घेतात. ती इतकी कोरडी असते की कुंचला टेकताच रंग पिऊन टाकते. रेघ चुकली तर सहज पुसता येत नाही. कोबाल्टचा हा रंग त्या वेळी निळा नसतो, काळपट राखाडी दिसतो. मग वाटी पांढऱ्या झिलईत बुडवतात आणि चित्र पार झाकून जाते. ते निळे होऊन पुन्हा दिसते ते भट्टीतून बाहेर आल्यावर. काढणाऱ्याने आपले काम करायचे आणि फळ अग्नीच्या स्वाधीन करायचे. कर्मयोग याहून वेगळा काय असतो?

यानागी सोएत्सु (1889–1961) या विचारवंताने या रोजच्या भांड्यांमागचे तत्त्वज्ञान मांडले. 1925 मध्ये त्याने आणि त्याच्या कुंभार मित्रांनी ‘मिंगेई’, म्हणजे लोककला, हा शब्द रूढ केला, आणि 1936 मध्ये टोकियोत अशा वस्तूंचे संग्रहालय उघडले. त्याचे म्हणणे असे की अनामिक कारागिराने लोकांच्या वापरासाठी, पुष्कळ संख्येने, स्वस्तात घडवलेल्या वस्तूत जे सौंदर्य उतरते ते त्याच्या एकट्याचे नसते. अहंकार गळालेल्या हातातून ते आपोआप येते. बौद्धांच्या सुखावती पंथात मोक्ष स्वतःच्या बळावर नव्हे, अमिताभाच्या कृपेने मिळतो असे मानतात. यानागीने तोच विचार भांड्यांना लावला. त्याला दाखला मिळाला माशिको गावच्या मिनागावा मासु या बाईत. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. लहानपणापासून म्हातारपणापर्यंत ती चहाच्या किटल्यांवर डोंगर, पाणी, झाडे यांचे तेच चित्र दिवसाला शेकडो वेळा काढत राहिली. आपल्याला हा विचार नवा वाटू नये. एकच नाम हजारदा घेताना ‘मी’ झिजतो, हे वारकऱ्यांना कोणी सांगायला नको. त्या बाईचा कुंचला आणि वारकऱ्याची माळ एकाच वाटेने जातात.

यावर पहिला आक्षेप वैराग्याचा येईल. जिभेचे चोचले कमी करा म्हणणारा धर्म ताटावर फुले कशाला काढील? ओंजळीत भिक्षा घेणाऱ्या संन्याशाला वाटीचीही गरज नसते. आक्षेप खरा आहे, पण तो संग्रहाला लागू पडतो, वापराला नाही. कपाटात मांडून ठेवलेली वाटी आसक्ती वाढवते. रोज भात वाढलेली, कडेला झिजलेली वाटी उलट शिकवण देते. स्टीलचे ताट आपटले तरी चालते, म्हणून आपण ते आपटतो. मातीचे ताट फुटू शकते, म्हणून हात सावध होतो. आणि काळजी घेऊनही ते एक दिवस फुटते, म्हणून मनही सावध होते. अनित्यतेचा धडा दिवसातून दोनदा हातात येतो. तेराव्या शतकातल्या दोगेन या झेन आचार्याने मठाच्या स्वयंपाक्याला सांगितले होते की भांडीकुंडी आणि धान्य स्वतःच्या डोळ्यांसारखे जपावे. आपणही भोजनाला यज्ञकर्म म्हणतो. यज्ञातल्या पात्राला जो मान, तो ताटाला दिला तर वैराग्य कुठे बिघडते?

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. ज्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी माणसे कोयते घेऊन ऊसतोडीला जातात, बैलगाडीवर, ट्रॅक्टरवर संसार लादून कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात, त्यांना नाजूक ताटांचे तत्त्वज्ञान सांगणे क्रूरपणाचे नाही का? त्यांच्या भांड्याने प्रवास सोसला पाहिजे, आणि जर्मनची पातेली, स्टीलची ताटे तो सोसतात. हेही कबूल केले पाहिजे की हाताने रंगवलेले जपानी भांडे आज स्वस्त राहिलेले नाही, आणि यानागीची स्वस्ताईची अट तिथेच मोडते. म्हणून हा युक्तिवाद जपानी ताटे विकत घ्या असे सांगत नाही. तो इतकेच सांगतो की मान ताटाच्या किमतीत नसतो. कोपीपुढे चुलीशेजारी राखेने लख्ख घासून उपडे ठेवलेले स्टीलचे ताट त्या निळ्या वाटीइतकेच पूज्य आहे, कारण दोहोंवर कोणाचा तरी हात मन लावून फिरला आहे. अपूज्य असेलच काही, तर ते दुसऱ्यासाठी बाजूला काढून ठेवलेले भांडे.

आपल्या संतांनी हा निवाडा आधीच करून ठेवला आहे. लिंबागणेशप्रमाणेच मराठवाड्यातल्या तेरचे गोरा कुंभार संतांच्या मेळ्यात थापटणे घेऊन उठले आणि एकेकाचे डोके थोपटत कच्चे कोण, पक्के कोण ते पाहू लागले, ही कथा घराघरात सांगितली जाते. नामदेव रागावले आणि कच्चे ठरले. जात, मान, नाव यांतले काहीही त्या परीक्षेत विचारले गेले नाही. सगळीच माती होती. भाजली किती, एवढाच प्रश्न होता. ताटालाही तोच न्याय लावावा. येत्या भाद्रपदात कुंभाराकडून मातीचा गणपती आणाल तेव्हा त्याचे पूर्ण दाम द्या, आणि जमले तर सुगडे, पणत्या यांच्या जोडीला रोजच्या वापराची एक वाटीही मागा. आणि दारात कोणीही आले तरी चहा घरातल्याच कपातून द्या.