बायोडाटात चालू शिक्षण लिहावे का?



नगरच्या एमआयडीसीत अर्ज करणारी आपल्या मिरजगावची मुले आम्हांला विचारतात : मुक्त विद्यापीठातून बी.ए. चालू आहे, बायोडाटात लिहावे का? लिहिले तर मालकाला वाटते, हा परीक्षेला रजा मागणार, पदवी मिळताच सोडून जाणार.

संत थॉमस अक्वायनस (मृत्यू १२७४) यांनी खोटे बोलणे आणि सत्य विवेकाने झाकून ठेवणे यांत भेद केला. पहिले कधीच योग्य नाही. दुसरे कधीकधी असते. म्हणून दुसऱ्या वर्षाला असताना नुसते 'बी.ए.' लिहिणे हे खोटेच.

मग काहीच न लिहिणे? अभ्यासामुळे कामाला धक्का लागणार नसेल, तर ती आपली खासगी बाब. पण रजा किंवा पाळी बदलून लागणार असेल, तर मालकाला ते आधी कळायला हवे. ऐन सुगीत गडी आठवडाभर येणार नसेल, तर आपल्यालाही ते आधीच कळावे असे वाटते ना? तेव्हा 'बी.ए. दुसरे वर्ष, चालू' असे सरळ लिहावे.

आणि कामावर माणसे ठेवणाऱ्यांना आमची विनंती : दिवसभर राबून रात्री पुस्तक उघडणाऱ्याला त्याच्या खरेपणापायी नाकारू नका. नाहीतर पुढच्या अर्जात तो जे लपवील, त्यात आपलाही वाटा असेल.