अल्बममध्ये नसलेली माणसं

लग्नाचा जुना अल्बम कुणी मुकाट्यानं बघत नाही. जाड काळी पानं, फोटोंच्या कोपऱ्यांना चिकटवलेले त्रिकोण आणि दोन पानांमध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पातळ कागद. तो कागद उचलला की बोलणं सुरू होतं. "ही ओळखलीस का? नागपूरची मावशी." "मामांचं तोंड बघ, सीमांतपूजनाला उशीर झाला म्हणून फुगलेत." "हा शालू पुढे धाकट्या जाऊबाईंनी नेसायला नेला, तो परत आलाच नाही." फोटोत दिसतं त्याच्या दुप्पट माहिती तोंडी असते.

आणि मग हमखास एक तक्रार येते, "आमचा एकही फोटो नाही!" लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली तरी ती ताजीच. कारण बहुतेक वेळा साधं असे. एका रोलात 36 फोटो. रोलाचे पैसे वेगळे, धुलाईचे वेगळे, प्रिंटचे वेगळे. दोन-तीन रोलांत सगळं लग्न बसवायचं, तर कुणाला घ्यायचं हे आधीच ठरलेलं असे. फोटोग्राफरशेजारी घरचा एखादा काका उभा राहून खूण करायचा. पाहुण्यांचा फारच आग्रह झाला तर फोटोग्राफर नुसता फ्लॅश उडवायचा, रोल जिथल्या तिथे. पाहुणे खुशीत पंगतीला जायचे आणि अल्बम आल्यावर त्यात स्वतःला शोधत बसायचे. त्यांचा रुसवा पोरकट नव्हता. अल्बममध्ये असणं म्हणजे आपल्या माणसांत धरलं जाणं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पण तक्रार करणाऱ्यांची निदान आठवण तरी निघते. तोंडातून अवाक्षर न काढणाऱ्यांचं काय? कितीतरी घरांत मंगलाष्टका सुरू झाल्या की मुलीची आई तुळशीपाशी जायची. लेकीवर अक्षता पडताना आईनं पाहू नये, असा समज. त्यामुळे अंतरपाट दूर होतानाच्या फोटोत सगळं गणगोत आहे आणि आईच नाही. आहेराची वही मांडीवर घेऊन पाकिटांवरची नावं उतरवणारा चुलतभाऊ बोहल्याकडे फिरकलाच नाही. आचाऱ्याला शिधा काढून देणारे काका, दागिन्यांची पेटी राखत खोलीत बसलेली थोरली वहिनी, ही मंडळीही कुठल्याच पानावर नाहीत. कार्य त्यांच्या जिवावर पार पडलं आणि पुरावा मात्र इतरांचा राहिला.

ही माणसं निदान कामात होती. काहींना मात्र समजून-उमजून बाजूला ठेवलेलं असे. हळदीचे फोटो जरा निरखून पाहा. नवरीच्या गालाला लागलेले हात सगळे हिरव्या बांगड्यांचे आहेत. जिनं त्या मुलीला न्हाऊमाखू घातलं, आजारपणात रात्र-रात्र उशाशी बसली, ती आजी त्यात नाही. तिचं कुंकू पुसलेलं, म्हणून हळदीला ती नको, ओटीला नको, औक्षणालाही नको. सगळे विधी आटोपल्यावरच्या ग्रुप फोटोत कडेला, खांद्यावरून पदर ओढून उभी असलेली दिसली तर दिसली. तिला कुणी हटकलंही नसेल. आपण कुठे थांबायचं, हे तिला न सांगता कळत होतं, आणि दुःख तेच आहे.

फोटो कोण होतं ते दाखवतो. कोण नव्हतं आणि का नव्हतं, हे मात्र पान उलटणाऱ्यानंच सांगावं लागतं. ते सांगणारी पिढी घरात आहे तोवर "हा कोण?" याच्या जोडीला "यात कोण नाही?" असंही विचारून घ्यावं. उत्तरादाखल काही मजेशीर किस्से निघतील, काही उत्तरं ऐकताना मान खाली जाईल. घराचा इतिहास दोन्ही मिळूनच होतो.

2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव ग्रामसभेत केला. राज्य शासनानंही त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. असा ठराव उंबरठ्याच्या आत आला की नाही, हे तपासायला लग्नाच्या अल्बमइतका सच्चा साक्षीदार नाही. आज एकेका लग्नात हजारो फोटो निघतात, रोल संपण्याची सबब उरलेली नाही. इतक्या फोटोंत नातीला हळद लावणारा आजीचा हात एकदाही दिसला नाही, तर तो चुकून राहून गेला असं कुणाला म्हणता येणार नाही.