घर मालकीचे की भाड्याचे?

गेल्या नाताळानंतर साक्रीजवळच्या खेड्यातील एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा मुंबईत नोकरीला आहे, सून परिचारिका आहे. दोघे भाड्याच्या घरात राहतात आणि आता त्यांना मालकीचा फ्लॅट हवा आहे. गृहस्थांनी विचारले, "फादर, दोन एकर बागायत विकून टाकू का? पोरगा म्हणतो, भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा."

उत्तर देण्यापूर्वी मला माझेच शब्द आठवले. पंधरा वर्षांपूर्वी एका जोडप्याला मी मोठ्या अधिकाराने सांगितले होते, "भाड्यात पैसे घालवू नका." त्यांनी कर्ज काढून घर घेतले. हप्ता भागविण्यासाठी दोघेही जादा पाळ्या करू लागली आणि त्यांची लहान मुलगी गावी आजीकडे वाढली. घर त्यांच्या नावावर झाले खरे. परंतु दिवसभर त्याला कुलूप असे. माझा सल्ला हिशेबावाचून दिलेला होता.

म्हणून या वेळी आम्ही कागद घेऊन बसलो. फ्लॅटची किंमत एक कोटी धरू. पंचवीस लाख पदरचे, पंचाहत्तर लाख कर्ज, व्याज शेकडा ९, मुदत वीस वर्षे. दरमहा हप्ता सुमारे ६७,५०० रुपये होतो. पहिल्या हप्त्यातील ५६,२५० रुपये निव्वळ व्याजाचे असतात. वीस वर्षांत बँकेला जवळजवळ एक कोटी बासष्ट लाख द्यावे लागतात. तसल्याच घराचे भाडे तीस हजार असेल, तर पाण्यात जाणारा पैसा नेमका कोणता? व्याज हेही पैशाचे भाडेच होय.

तथापि मुलाची बाजू खोटी नाही. १९४७ च्या मुंबईच्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. राहत्या भाडेकरूला आधार मिळाला. पण कित्येक मालकांनी डागडुजी सोडली, रिकाम्या खोल्यांना कुलपे लावली आणि मागाहून आलेल्यास पागडीवाचून दार उघडेना. त्या जागी १९९९ चा कायदा आला. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. आज नवा भाडेकरू बहुधा अकरा महिन्यांच्या करारावर राहतो. मुदत सरत आली की मुलांची शाळा, शेजार, देऊळमाता या साऱ्यांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. जात, धर्म किंवा आहार विचारून दार लावणारेही भेटतात. स्थैर्याची ओढ ही हाव नव्हे.

परंतु भाड्याने राहण्यात कमीपणा आहे, ही समजूत मात्र टाकून द्यावयास हवी. अब्राहाम वचनाच्या देशातही तंबूत राहिला. त्याने जमीन विकत घेतली ती सारेला मूठमाती देण्यासाठी, फुकट मिळत असताना ४०० शेकेल रुपे मोजून. संत पौल रोममध्ये दोन वर्षे भाड्याच्या घरात राहिला आणि येईल त्याचे स्वागत करीत राहिला. त्या घराची मालकी कोणाची होती, हे आपण विचारीतही नाही.

खरा प्रश्न असा की, घराची किंमत कोण मोजणार? मुलाने आपल्या मिळकतीतून मोजली तर तो पुरुषार्थ आहे. म्हाताऱ्या आईबापांच्या भाकरीतून किंवा लेकराच्या बालपणातून ती मोजली जात असेल, तर ते कर्ज बँकेच्या कागदावर दिसत नाही आणि कोणत्याही हप्त्याने फिटत नाही.

मी त्या गृहस्थांना म्हणालो, "रान विकू नका. मुलाला सांगा, भाडे आणि हप्ता यांतील फरक, साडेसदतीस हजार, दरमहा बाजूला टाकून पाहा. तीन वर्षे असे सुखाने निभले, तर घर अवश्य घ्या. गाठीशी साडेतेरा लाख जमलेले असतील. घरात ओढाताण आणि भांडणे सुरू झाली, तर तुमचे उत्तर तुम्हांला मिळाले."

"आणि तोवर भाव चढले तर?" त्यांनी विचारले.

प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, "चढतीलही. त्याचा बोल मला लावा. पण म्हातारपणी विहिरीचे पाणी तरी तुमचेच राहील."

रान विकलेले नाही. मुलगा अद्याप भाड्यानेच राहतो आणि माझ्यावर थोडा नाराज आहे. मात्र त्याने फरक बाजूला टाकावयास सुरुवात केली आहे, असे त्याची आई परवा मिस्सानंतर सांगत होती.