दुसऱ्याच्या नावाने पान उघडताना

गेल्या महिन्यात रविवारची मिस्सा आटोपून मी घरी पोहोचतो न पोहोचतो, तोच आमच्या वाडीतला एक मुलगा दारात उभा. कॉलेजात शिकतो. हातात दोन छापील कागद होते. म्हणाला, “सर, विकिपीडियावर आजोबांचं पान करायचंय. शुद्धलेखन जरा बघून द्याल का?”

त्याचे आजोबा मला चांगले आठवतात. दिवसा शाळेत शिकवत आणि रात्री कंदील लावून वाडीतल्या शेतकऱ्यांना अक्षरओळख करून देत. अशा माणसाची आठवण नातवाला जपावीशी वाटते, याचा मला आनंदच झाला. चष्मा लावून वाचू लागलो. ‘थोर समाजसुधारक’, ‘तालुक्यातील पहिल्या रात्रशाळेचे एकमेव संस्थापक’. मी थांबलो.

“पहिली कशावरून?”

“घरात सगळे तसंच म्हणतात, सर.”

“आणि एकमेव? बाई कुठे गेल्या?”

त्याला कळेना. कळणार तरी कसे? त्या रात्रशाळेत बायकांचा वर्ग एक बाई घेत असत. माझी आई अंगठ्याऐवजी सही करायला शिकली ती त्यांच्याकडे. बाईंना मूलबाळ नव्हते. त्यांच्यासाठी छापील कागद घेऊन कोणाच्या दारात जाणारा नातू नाही.

मुलगा हुशार. म्हणाला, “पण सर, काही चुकलं तर कोणीही दुरुस्त करू शकतं. विकी असते तीच मुळी त्यासाठी.”

बंधुभगिनींनो, या एका वाक्यावर मी बरेच दिवस विचार करतो आहे. माझी चूक दुसऱ्याला सुधारता येते, म्हणून माझी जबाबदारी कमी होते का?

मुलाचे म्हणणे खोटे नाही. १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने पहिली विकी सुरू केली, तेव्हा वाचणाऱ्यालाच लिहू द्यायचे, अशी त्याची कल्पना होती. ‘विकी’ हा हवाई बेटांवरचा शब्द. त्याचा अर्थ झटपट. २००१ मध्ये विकिपीडिया आला आणि २००३ मध्ये मराठी विकिपीडिया. नसलेल्या पानाचा दुवा तिथे लाल रंगात दिसतो. त्यावर टिचकी मारली की कोरे पान उघडते. दाराला कुलूप नाही, पदवीची अट नाही. सामान्य माणसावर इतका विश्वास टाकणारे काम जगात क्वचितच झाले असेल.

पण याच विश्वासाचे काय होऊ शकते, हे २००५ साली दिसले. जॉन सीगनथॉलर हे अमेरिकेतले ज्येष्ठ पत्रकार. त्यांच्या नावाने मे महिन्यात कोणीतरी इंग्रजी विकिपीडियावर नवे पान उघडले. जॉन आणि रॉबर्ट या दोघा केनेडी बंधूंच्या हत्येत त्यांचा हात असल्याचा संशय होता, असे त्यात लिहिले होते. प्रत्यक्षात ते रॉबर्ट केनेडींचे जवळचे सहकारी. त्यांच्या शवपेटीला त्यांनी खांदा दिलेला! हे खोटे जवळजवळ चार महिने तसेच राहिले. दुरुस्त करण्याची मुभा साऱ्या जगाला होती. केले कोणीच नाही. त्याच वर्षी डिसेंबरात इंग्रजी विकिपीडियाने नोंदणी न केलेल्यांना नवे पान सुरू करण्यास मनाई केली.

लिहिणाऱ्याने सहकाऱ्याची गंमत करायला म्हणून ते केले होते. उघडकीस आल्यावर त्याने माफी मागितली आणि नोकरीचा राजीनामा दिला. सीगनथॉलर यांनी त्याला कोर्टात खेचले नाही. उलट, त्याला परत कामावर घ्या, अशी मालकाला विनंती केली. क्षमा करण्याचा मोठेपणा त्यांच्यापाशी होता. पण मधल्या चार महिन्यांत ज्यांनी ते पान वाचून खरे मानले, त्यांच्यापर्यंत खुलासा पोहोचला असेलच असे नाही.

म्हणून पहिला हात लावणाऱ्याची जबाबदारी वेगळी. नंतर येणारा स्वल्पविराम सुधारील, साल दुरुस्त करील. पण कोणाचे नाव आले आणि कोणाचे राहिले, हे पान उघडणाराच बहुधा ठरवतो. बाईंचे नाव राहिले हे ज्याला मुळी ठाऊकच नाही, तो ते दुरुस्त कसे करणार? खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा आपल्याला पाठ आहे. अर्धी साक्ष हीसुद्धा कधी कधी खोटी साक्ष ठरते.

मग छापील पुरावा नाही तिथे गप्प बसावे का? यालाही दुसरी बाजू आहे. कॅनडाच्या डॉना स्ट्रिकलंड यांना २०१८ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल जाहीर झाले, त्या क्षणी विकिपीडियावर त्यांचे पान नव्हते. त्याच वर्षी कोणीतरी मसुदा पाठवला होता. पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून तो नाकारला गेला. ज्या संशोधनासाठी बक्षीस मिळाले ते जेरार मुरू यांच्या मार्गदर्शनाखालचे, आणि मुरू यांचे पान मात्र आधीपासून होते. नाकारणाऱ्याने नियमाप्रमाणेच काम केले असेल. पण ज्यांच्याविषयी जगाने आधी लिहिले त्यांच्याविषयीच पुन्हा लिहिले जाते, हा त्या नियमातला काटा आहे. आपल्या बाईंना तोच टोचतो.

तरीही संदर्भ मागण्याचा नियम मला योग्य वाटतो. आजोबा कसे होते हे नातवाला प्रेमाने कळते. पान वाचणारा परका असतो. त्याला प्रेम दिसत नाही, शब्द तेवढे दिसतात. ‘तुम्हाला हे कशावरून ठाऊक?’ हे विचारण्याचा त्याला हक्क आहे. त्याला उत्तर देणे म्हणजे आजोबांवर अविश्वास दाखवणे नव्हे. आणि जिथे कागद नाही, तिथे विशेषणे वापरून भोक बुजवू नये. आधी कागद शोधावा. नसेल तर जाणती माणसे आहेत तोवर त्यांच्याकडून ऐकून, तारीख घालून, त्यांच्या नावानिशी कुठेतरी छापून ठेवावे. विकीची पायरी त्यानंतरची.

आणखी एक गोष्ट मी त्याला सांगितली. पान एकदा प्रकाशित केले की ते आपले राहत नाही. लेखाखाली आपली सही नसते. उद्या कोणी परका येऊन ‘थोर’ हा शब्द काढून टाकील, आजोबांच्या शेजारी दुसऱ्याचे नाव घालील. ते सोसायची तयारी हवी. आपल्या वाडवडिलांनी बावखले खणली. खणणाऱ्याचे नाव पाण्यावर लिहिलेले नसते, पण पाणी गढूळ केले तर सगळ्या वाडीला भोगावे लागते.

मुलगा त्या दिवशी थोडा हिरमुसून गेला. मला वाटले, संपले. पण परवा पुन्हा आला. मराठी विकिपीडियावर कच्चे लिहायला जागा असते, तिला ‘धूळपाटी’ म्हणतात. मसुदा त्याने तिथेच ठेवला आहे. ‘थोर’ गेले, ‘पहिली’ गेले, ‘एकमेव’ही गेले. हातात वही होती. वाडीतल्या तीन म्हाताऱ्यांना तो भेटून आला होता. वहीच्या पहिल्याच ओळीत बाईंचे नाव होते.

आपल्यापैकी कोणाच्या कपाटात त्या रात्रशाळेचा फोटो, हजेरीपट, जुनी स्मरणिका किंवा पत्र असेल, तर कृपया त्याला दाखवावे. तो जपून परत करील. आणि घरात ऐंशीच्या पुढचे कोणी असतील, तर आज जेवण झाल्यावर त्यांच्याजवळ थोडा वेळ बसावे. त्यांना विचारावे, तुम्हाला लिहायला कोणी शिकवले?