माश्या पाळण्याचा उद्योग

ज्याला काही कामधंदा नाही तो माश्या मारत बसतो, असं मराठी भाषेचं म्हणणं आहे. निवृत्तीनंतर माझ्याबद्दल मुकुटबनात असंच बोललं जाईल याची मी तयारी ठेवली होती. पण भाषेला एक शक्यता सुचलेली दिसत नाही. ज्याला मारण्याइतकाही उद्योग नाही तो माश्या पाळतो.

"काय करून राहिले जी सध्या?" असं रस्त्यात कोणी विचारलं की मी खरं तेच सांगतो, "माश्या पाळून राहिलो."

"पाळून? मारून म्हणा न!"

"दोन्ही," मी म्हणतो. "आधी पाळतो, मग मारतो."

यावर समोरचा माणूस थोडा मागे सरकतो. ज्याचे पाय जमिनीखाली चुनखडीवर आणि डोकं वर यवतमाळच्या उन्हात आहे, अशा माणसाचं कधी ना कधी असं होणारच, अशी एक सहानुभूती त्याच्या चेहऱ्यावर दिसते.

तेव्हा खुलासा करणं भाग आहे. माझ्या अंगणात एक मोठा जाळीचा पिंजरा आहे, आणि त्यात आफ्रिकेतल्या निळ्या वॅक्सबिल पक्ष्यांच्या दोन जोड्या आहेत. हे आपल्या लाल मुनियेचे चुलतभाऊ. खुद्द मुनिया पाळता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने देशी पक्षी पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. हे चुलतभाऊ मात्र पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले. एरवी राळा, बाजरी असं बारीक धान्य खाऊन सात्त्विकपणे राहतात. पण घरट्यात पिल्लं झाली की यांची सात्त्विकता संपते. धान्यावर पिल्लू वाढत नाही. त्याला अंगाला लागणारं काहीतरी हवं असतं, म्हणजे किडा, अळी, माशी. आपल्या घरातली चिमणीसुद्धा स्वतः दाणे टिपते आणि पिल्लांच्या चोचीत अळ्या कोंबते. आई-बापांना किडे मिळाले नाहीत तर वॅक्सबिलची पिल्लं बहुधा घरट्यातच मरतात. म्हणून माश्या.

माश्या म्हणजे घोंगावणाऱ्या घरमाश्या नव्हेत. संत्र्या-आंब्याला लागून शेतकऱ्याला रडवणारी फळमाशीही नव्हे. पिकल्या केळ्याभोवती तरंगणारं तांबड्या डोळ्यांचं चिलट असतं ना, ते. शास्त्रज्ञ त्याला ड्रोसोफिला म्हणतात. आमची ही त्याला 'तुमची ती' म्हणते.

कृती सोपी आहे. रुंद तोंडाच्या बरणीत कुस्करलेलं केळं, थोडा रवा, थोडा गूळ आणि चिमूटभर यीस्ट घालायचं. आत चुरगळलेला कागद खोचायचा, म्हणजे अळ्यांना कोरड्या जागी चढून कोश करता येतो. बरणी एक दिवस उघडी ठेवली की चिलटं आमंत्रणाशिवाय येतात. मग तोंडाला फडकं बांधायचं आणि मुंग्या लागू नयेत म्हणून बरणी पाण्याच्या ताटलीत ठेवायची. पंचवीस अंश तापमानात अंड्यापासून माशी व्हायला दहा दिवस लागतात, आणि एक मादी आयुष्यात काही शे अंडी घालते. इतक्या वेगाने वाढणारा दुसरा धंदा या तालुक्यात मला माहीत नाही.

अडचणी दोनच. पहिली, केळी. आठवडी बाजारात केळीवाला चांगला घड पुढे करतो आणि मी म्हणतो, "ही नको, ती काळी पडलेली दे." तो म्हणतो, "भाऊ, ते ढोरायले ठेवले." मग मी गुरांशी स्पर्धा करून जास्त भाव देतो. दुसरी अडचण उन्हाळ्याची. तापमान तिसाच्या वर गेलं की या माश्यांच्या नरांना वंध्यत्व येतं, आणि आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये तीस अंश म्हणजे पहाटेचा गारवा. तेव्हा बरणी कूलरसमोर ठेवावी लागते. "घरात मी सदतीस वर्षं घाम पुसतेय," ही म्हणाली, "आणि वारा माश्यांना!" या वाक्यातला तर्क निर्दोष होता. मी बरणी थोडी बाजूला सरकवली.

इथवर सगळं ठीक होतं. पण सुट्टीत आलेली आठ वर्षांची नात बरणीपुढे तास-तासभर बसू लागली आणि माशी शिंकली.

"आजोबा, पक्ष्यांना नावं आहेत. माश्यांना का नाहीत?"

"खूप आहेत गं."

"आमच्या वर्गात पण खूप मुलं आहेत."

मुलांच्या प्रश्नांना उत्तर नसलं की आपण 'मोठी झालीस की कळेल' म्हणतो. मी बासष्टीचा झालो तरी मला कळलं नव्हतं, म्हणून ते म्हणता येईना. मी गावातल्या जाणत्या मंडळींकडे गेलो.

पहिलं उत्तर मिळालं ते असं: "माशीच तर आहे!" हे उत्तर ऐकायला भक्कम वाटतं, पण ते चुकीच्या माशीबद्दल दिलेलं आहे. या चिलटाने माणसासाठी जेवढं केलं तेवढं माणसांतल्या बहुतेकांनी केलेलं नाही. १९१० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टी. एच. मॉर्गनला तांबड्या डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांची माशी सापडली, आणि तिच्या वंशावळीतून आनुवंशिकता गुणसूत्रांवर बसलेली असते हे सिद्ध होत गेलं. त्याला १९३३ चं नोबेल मिळालं. २० फेब्रुवारी १९४७ रोजी व्ही-टू अग्निबाणातून ही चिलटं अंतराळाच्या सीमेपलीकडे गेली आणि जिवंत परत आली. लायका कुत्री त्यानंतर दहा वर्षांनी गेली, आणि ती परतली नाही. आपल्या मुंबईतही, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, ओबेद सिद्दिकी आणि व्हेरॉनिका रॉड्रिग्ज यांनी या माशीला वास आणि चव कशी कळते याचा शोध घेतला. माणसाच्या रोगांशी नातं असलेल्या जनुकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जनुकांचे भाऊबंद माशीत सापडतात. तिच्या अंगातलं घड्याळ कसं चालतं हे शोधणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. माशी रात्री झोपते, हेही आता सिद्ध झालं आहे. तिची झोपमोड केली तर दुसऱ्या दिवशी ती जास्त झोपते. तिच्या अळीला तापलेली सळई टेकवली तर ती मळसूत्रासारखी गिरकी घेत दूर पळते. तिला दुःख होतं की नुसती गिरकी होते, हे कोणी सांगू शकत नाही. पण जिला झोप येते, चव कळते आणि चटका टाळावासा वाटतो, तिला 'माशीच तर आहे' म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी.

दुसरं उत्तर आमच्या निवृत्त मास्तरांचं. "निसर्गाचा नियम आहे, जीव जिवावरच जगतो. रानात असता तर पक्ष्याने माशी खाल्लीच असती." खरं आहे. पण रानात माशी उडून जाऊ शकते. पक्षी चुकतो, वारा येतो, पान आडवं येतं. निसर्गात मृत्यू आहे, पण त्यासोबत संधीही आहे. माझ्या बरणीतून मी फक्त मृत्यू उचलला आणि संधी फडक्याने बांधून टाकली. शिवाय रानातल्या पक्ष्याची शिकार पक्षी करतो. पिंजऱ्यातल्या पक्ष्याची शिकार मी करतो. ज्या क्षणी पिंजऱ्याला कडी लागली, त्या क्षणी पक्ष्याची भूक माझ्याकडे आली आणि भुकेबरोबर तिचं पापही आलं. पक्षी निर्दोष सुटला. निसर्गाचा नियम आहे हे मान्य, पण नियमाच्या अंमलबजावणीसाठी निसर्गाने मला नेमल्याचा हुकूम माझ्याकडे नाही.

तिसरं उत्तर मी स्वतःच तयार केलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं. या माश्या माझ्यामुळेच जन्मल्या. केळं मी कुस्करलं, गूळ मी घातला, कूलर मी लावला. उत्पत्ती, स्थिती आणि लय ही तिन्ही खाती एका मुरंब्याच्या बरणीत माझ्याकडे आहेत. मी नसतो तर यांना दहा दिवसांचं गोड आयुष्यही मिळालं नसतं! हे मी हिला ऐकवलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सासूबाई पण असंच म्हणायच्या. मी जन्म दिला म्हणून तो माझा. आता तुम्हीच सांगा, तुम्ही कोणाचे?" मी विषय बदलला. जन्म देणं हे देणं आहे, कर्ज नव्हे. ते व्याजासकट वसूल करता येत नाही. एवढी गोष्ट माणसांच्या बाबतीत आपण कधीच मान्य केलेली आहे.

चौथा उपाय हिचाच. "बंद करा सगळं. दाणे घाला आणि गप्प बसा." चातुर्मासात कांदा-लसूण आणि वांगीसुद्धा वर्ज्य करणारी बाई आणखी काय सांगणार? पण पिल्लं अंड्यातून बाहेर आली असताना दाण्यांवर गप्प बसलो, तर घरट्यात जे मरेल ते माझ्याच गप्प बसण्याने मरेल. हात न लावता केलेली हत्या स्वच्छ दिसते, एवढाच तिचा फायदा. आणि दाणे तरी कुठे निर्दोष आहेत? ज्या शेतातून बाजरी येते, तिथे तिच्यावरच्या अळ्यांना कोणी आरती ओवाळलेली नसते. आमच्या जिल्ह्यात कापसाच्या एका हंगामात जेवढे किडे फवारणीने मरतात, तेवढे माझे पक्षी सात जन्मांत खाणार नाहीत. म्हणजे एकही जीव न मारण्याचा पर्याय या दुकानात नाहीच. फक्त कोणता मरतोय ते पाहायचं की न पाहायचं, एवढी निवड आहे.

या पेचात मी एकटा नाही. दिल्लीत चांदणी चौकातल्या लाल मंदिरात जैन मंडळींचं पक्ष्यांचं धर्मार्थ रुग्णालय आहे. तिथे जखमी कबुतराला, पोपटाला भरती करून घेतात. घार आली तर तिच्यावरही उपचार होतात, पण बाह्यरुग्ण म्हणून. मलमपट्टी करा आणि घरी पाठवा. कारण भरती केलं तर तिला जेवायला काय द्यायचं? लोक यावर हसतात. मी हसत नाही. ज्यांनी प्रश्न इतक्या गांभीर्याने घेतला की त्यासाठी वेगळी रांग केली, त्यांच्यावर माश्या पाळणाऱ्याने काय हसावं? गुजरातेतल्या काही पांजरापोळांत तर धान्यातल्या किड्यांसाठीही वेगळी खोली असे, तिला जीवातखाना म्हणत.

शेवटी मला शिबी राजा आठवला. ससाण्याच्या भीतीने कबुतर राजाच्या मांडीवर येऊन पडलं, आणि राजाने त्याला वाचवायचं ठरवलं. लहानपणी गोष्ट ऐकताना आपण कबुतराच्या बाजूने असतो आणि ससाण्याचं म्हणणं कानाआड करतो. वास्तविक तो अगदी कायदेशीर बोलतो: तू याला वाचवलंस, मग मी उपाशी मरू काय? त्याच्या भुकेचा निकाल लावल्याशिवाय दया पूर्ण होत नाही, हे शिबीला कळलं. त्याने तराजू मागवला आणि कबुतराच्या वजनाइतकं मांस पारड्यात टाकायला घेतलं. कोणाचं? स्वतःचं. पारडं खाली जाईना तेव्हा स्वतःच जाऊन बसला.

मीही दया करतो. पिल्लाला वाचवतो. माझ्याही पारड्यात मांस पडतं. फरक एवढाच की ते माशीचं असतं. परस्पर दुसऱ्याच्या खात्यातून केलेलं दान ते. जगातली पुष्कळ दया अशीच चालते म्हणा, पण तिला दया म्हणायचं का, हा खरा प्रश्न आहे.

मी शिबी नाही. पारड्यात बसलो तर तराजूच मोडेल. पण तराजू माळ्यावर टाकायचा नाही, एवढं मी ठरवलं. माझ्या परीने काही नियम केले. घरट्यात पिल्लं असतील तेवढे दिवसच माश्या. भरपूर किडे मिळाले की हे पक्षी पुन्हा अंडी घालायला घेतात, म्हणजे माश्यांनी पिल्लं आणि पिल्लांनी माश्या असं चक्र लागतं. तेव्हा पिल्लं दाणे टिपू लागली की बरण्या बंद, आणि जोड्या दोनच्या तीन करायच्या नाहीत. उरलेल्या माश्या उकळत्या पाण्यात न टाकता परसातल्या पेरूखाली सोडायच्या. तिथे निदान वारा आणि पान आडवं यायची सोय आहे. आणि पाचवीला पुजलेलं आपलं ते 'सत्कर्म' या गोष्टीला म्हणायचं नाही. कोणी विचारलं तर 'मारतो' असंच म्हणायचं. यातून माशीचा काय फायदा, असं कोणी विचारेल. फारसा नाही. पण माणूस जे मारतो त्याला मारलं म्हणत राहिला, तर गरजेपेक्षा एक जास्त मारताना त्याचा हात थांबायचा संभव असतो. ज्याने त्याला दुसरं गोंडस नाव दिलं, त्याचा हात कशाला थांबेल?

हे सगळं आठ वर्षांच्या मुलीला सांगायचं तर सोपं करावं लागतं. मी तिला म्हटलं, "हे बघ, पिल्लू जगावं असं मला वाटतं, म्हणून मी माशी मारतो. माशीचं काही चुकलेलं नाही. ती कमी महत्त्वाची आहे असंही नाही. मी पिल्लाची बाजू घेतली, एवढंच."

तिने बराच वेळ विचार केला. बरणीच्या काचेवर एक कोश नुकताच फुटला होता आणि आतली माशी अजून पंख उलगडत होती.

"हे माशीला सांगितलं का?" तिने विचारलं.

अजून सांगितलेलं नाही. कसं सांगावं याचा विचार चालू आहे. मुदत दर वेळी दहाच दिवसांची मिळते.